मेत्तासाठी छोटी ताटली

सातव्या महिन्यात आमची मुलगी पोटातच गेली. दवाखान्यातून घरी आले त्या दिवसापासून मी बुद्धवंदना म्हणणं सोडलं. नागपूरला आमच्या घरी वंदना कधी चुकली नव्हती. सगळं अनित्य आहे, हे मी बोलायला लागल्यापासून ऐकत आले होते. पण आता तीच शिकवण निर्दय वाटायला लागली. इथे अमेरिकेत, ॲन आर्बरच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये बुद्धमूर्तीसमोर उदबत्तीचा पुडा तसाच पडून होता. मैत्रिणी फोनवर म्हणायच्या, "यंग आहेस यार, पुन्हा होईल." नवरा माझ्यापुढे कधी रडला नाही. एकमेकांना जपता जपता आम्ही दोघं मुकेच होऊन गेलो होतो.

सहा आठवड्यांनी चेकअप होतं. बस दवाखान्यापाशी थांबली, पण माझ्याच्यानं उतरवेना. वेटिंग रूममधल्या गरोदर बायका डोळ्यांसमोर आल्या. बस पुढे निघाली आणि तीन-चार स्टॉपनंतर मी कुठेतरी उतरले. बर्फ भुरभुरत होता, हातमोजे घरीच राहिले होते. समोर एका छोट्या स्टुडिओत दिवा दिसला, म्हणून ऊब घ्यायला आत शिरले.

आत सत्तरी ओलांडलेली एक जपानी बाई भट्टीतून काढलेल्या मातीच्या ताटल्या टेबलावर मांडत होती. "आज खरं तर बंद असतं," ती म्हणाली, "भट्टी आज गार झाली म्हणून आले. बसा, हात शेका." उदबत्ती लावायच्या ताटल्या होत्या त्या. लांबट, उथळ, काडी खोचायला एका टोकाला भोक, राख बाहेर सांडू नये म्हणून कडा जराशा उचललेल्या. राखाडी झिलईखाली तिच्या बोटांचे ठसे दिसत होते. त्यांत एक फारच लहान होती, जेमतेम माझ्या तळहाताएवढी.

"ही इतकी छोटी का?" मी विचारलं.

"ही माझ्या मुलीची. जन्माआधीच गेली. खूप वर्षं झाली. दर हिवाळ्यात तिच्यासाठी एक करते."

मला एकदम रडू फुटलं. तिनं स्टूल पुढे सरकवलं आणि माझं रडणं होईपर्यंत शेजारी बसून राहिली. मग म्हणाली, "नाव ठेवलं होतं?"

हे आजवर मला कुणीच विचारलं नव्हतं. नाव मी मनाशीच ठरवलं होतं, नवऱ्यालाही सांगायचं राहून गेलं होतं. "मेत्ता," मी म्हणाले. तिनं ते सावकाश, जपून उच्चारलं. माझ्या मुलीला पहिल्यांदाच कुणीतरी नावानं हाक मारली.

निघताना तिनं ती ताटली कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. "यंदाची तुमच्या मेत्ताला. माझ्या मुलीसाठी मी दुसरी करेन."

संध्याकाळी मी ती मूर्तीपुढे ठेवली आणि नवऱ्याला सगळं सांगितलं.

"नाव ठेवलं होतंस? मला का नाही सांगितलंस गं?"

"तोंडातून काढवतच नव्हतं."

त्यानं उदबत्ती मोडून अर्धी केली, लावली. आम्ही त्रिसरण म्हणायला बसलो. दुसऱ्याच ओळीला त्याचा आवाज फाटला आणि तो लहान मुलासारखा रडला. उरलेलं मी एकटीनं म्हटलं.

त्या बाईनं नेमकं त्याच दिवशी स्टुडिओ उघडावा, हा योगायोग असेल. बाबासाहेबांच्या धम्मात वाढलेली मी, याला चमत्कार म्हणणार नाही. पण त्या दिवशी मला कुणीतरी सांभाळून घेतलं, एवढं खरं. मेत्ता का गेली, याचं उत्तर मिळालं नाही. आता मी ते मागतही नाही. रिकाम्या हातांनी बसते, शरण म्हणते, आणि रडू आलं तर येऊ देते.

मंगलकामना करताना मेत्ताबरोबर त्या बाईंच्या मुलीलाही मी आठवते. तिचं नाव मात्र त्या दिवशी मला विचारायला सुचलंच नाही.