लांब आतड्याची ताराअक्का

ताराअक्का कुणाला "बरी शेस का?" असं कधी विचारायची नाही. दारात आली की पहिला प्रश्न, "पोट साफ व्हयनं का?" म्हाताऱ्यांना विचारी, शेंबड्या पोरांना विचारी. माझ्या मुलीच्या, प्रियाच्या लग्नात तर तिनं मांडवात बसलेल्या जावयाला त्याच्या आईदेखत विचारलं. तो बिचारा मान खाली घालून "हो" म्हणाला. "मंग जेव पोटभर," अक्का म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चोपड्यात आमच्या घरामागच्या गल्लीत ती एकटीच राहायची. बाळंतिणींचं अंग चोळायचं आणि तान्ह्या बाळांना न्हाऊ घालायचं हे तिचं काम. मूल रडून काळंनिळं झालं की लोक आधी तिच्याकडे धावायचे. कोमट तेलाचा हात बेंबीभोवती फिरवून ती पोटातला वारा बरोबर मोकळा करायची. कधी मात्र हात लावल्या लावल्या मागे घ्यायची. "हाई मना हातनं काम नही. डाक्टरकडे ली जा." त्यात ती कधी चुकली नाही.

ही विद्या तिला स्वतःच्या पोटानं शिकवली होती. लहानपणी आठ-आठ दिवस पोट साफ व्हायचं नाही. अर्धी भाकरी खाऊन पोट नगाऱ्याएवढं, म्हणून भावंडं तिला खादाड म्हणायची. लग्नानंतर दोनदा पोट वाढलं, दोन्ही वेळा सासूनं गल्लीभर आनंदानं सांगितलं आणि दोन्ही वेळा चार दिवसांत उतरलं. मूल पुढेही झालं नाही. "मना पोटमा पोर नही, वारा शे, माय," असं ती हसत सांगायची. मला त्या हसण्याचा राग यायचा. अगं, रड की एकदा!

गेल्या वर्षी तिचं पोट एकाएकी फुगून दगडासारखं झालं. मी तिला गाडीत घालून जळगावला नेलं. डॉक्टरांनी नळी घालून आतड्याला पडलेला पीळ सोडवला, मग फोटो काढले. म्हणाले, "यांचं मोठं आतडं जन्मापासूनच फार लांब आहे. पोटात मावत नाही, म्हणून वळसे घेतं. पुन्हा पीळ पडणार. जास्तीचा भाग काढून टाकू." आणि कागदावर आतडं काढून दाखवलं. अक्कानं एका वळणावर बोट ठेवलं. "आठे वारा आडकस. माले लहानपणपाईन म्हाईत शे." डॉक्टर बघतच राहिले. साठ वर्षं जिला लोकांनी खादाड, वांझ, ढोंगी म्हटलं, तिचा दोष एवढाच निघाला. परत येताना ती खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत म्हणाली, "आख्खा गावनं पोट मनं ऐकस. मनंच ऐकत नही."

ऑपरेशनची तारीख मिळाली. तिची तयारीही होती. पण तारखेच्या सहा दिवस आधी प्रिया बाळंत झाली. बाळ दिवसभर कळवळून रडायचं आणि अक्काचा हात फिरला की गप्प व्हायचं. मी अक्कासमोर नुसतं म्हणाले, "आता कसं गं व्हायचं?" झालं. "कशी जाऊ व माय? पोरगीले कोन चोळी? सव्वा महिना व्हई जाऊ दे." तारीख पुढे गेली.

एकतिसाव्या दिवशी बाळाला न्हाऊ घालून ती मोरीच्या पायरीवर पोट धरून बसली. मी विचारलं तर म्हणाली, "वारा शे." दुसऱ्या दिवशी ती आली नाही. दुपारी मी तिच्या घरी गेले, तर भिंतीला टेकून बसलेली, ओठ पांढरे. जळगावला पोचेपर्यंत उशीर झाला होता. पोट उघडलं तेव्हा आतडं काळं पडलेलं होतं.

तीन दिवस होती. मी हात धरून रडायला लागले तर मलाच रागावली, "तू जा घर. पोरगी येकली शे." ती मला माफ वगैरे करत नव्हती. माफ करण्यासारखं काही घडलंय, हे तिच्या मनातच नव्हतं. त्यानं माझा जीव जास्त जळतो.

दहाव्याला बायका म्हणत होत्या, "अक्का हट्टी. डॉक्टरांनी सांगूनही गेली नाही." दवाखान्यात फोन करून तारीख पुढे ढकलली होती ती मी. अक्काला फोन लावता येत नव्हता. पलीकडच्या मुलीनं विचारलं, "पेशंटला काय अडचण आहे?" मी म्हणाले, "घरगुती." ती म्हणाली, "उशीर करू नका बरं का." मी हो म्हटलं, आणि हे अक्काला सांगितलं नाही. बाळ रडत होतं.

प्रियाला हे मी अजून सांगितलेलं नाही.