योएलची पट्टी

गायनमंडळ म्हटलं की किस्से आलेच. आमच्या मिरजगावच्या चर्चमधलं मंडळ तर रविवारची उपासना आटोपली की चहाच्या निमित्ताने तासभर तेच करत बसतं. कुणी भलतंच कडवं उचललं, कुणाचा तबला ऐन वेळी उतरला, पाळकसाहेबांना लांबलेल्या भजनात डुलकी लागली. असला सगळा निरुपद्रवी माल! गेली दोन वर्षं मात्र जो उठतो तो योएलच्या अल्बमचा किस्सा सांगतो. सुरुवात हसत होते, आणि शेवटी सगळे आपापल्या कपात बघत बसतात.

योएल म्हणजे आमच्या विजय टेम्पोवाल्याचा मुलगा. आमची जुनी रागदारीतली भजनं त्याला रूथमावशींनी शिकवली. त्या मंडळाच्या प्रमुख, साखरेने दृष्टी गेलेली, पण कोरसमध्ये कोण नुसते ओठ हलवतंय हे त्यांना बरोबर कळायचं. पेटीवर शलमोनकाका, एसटीतून रिटायर झालेले. तबल्यावर मी. दिवसा मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतो, त्याबद्दल कुणी किस्से सांगत नाही.

*

नाताळात योएल गायला त्याचा व्हिडिओ कुणीतरी टाकला आणि तो कुठल्या कुठे पोचला. महिन्याभरात मुंबईच्या मोठ्या म्युझिक कंपनीच्या मॅडम गाडी घेऊन दारात हजर. कंपनीचं नाव घेत नाही, तुमच्या मोबाईलमध्ये ती असेलच. त्यांना पोराचा क्लासिकल क्रॉसओव्हर अल्बम काढायचा होता. म्हणजे गाणार आपले राग, मागे परदेशी ऑर्केस्ट्रा, व्हायोलिनांचा ताफा वगैरे.

योएल गायला. मॅडमनी डोळे मिटून ऐकलं. आम्हाला वाटलं, दर्दी बाई आहे. गाणं संपल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वय काय याचं?"

बारा पुरी होतील, असं विजयने अभिमानाने सांगितलं. मॅडमनी पोराचा चेहरा निरखून बघितला, विशेषतः वरचा ओठ, आणि म्हणाल्या, "मग लवकर उरकायला हवं."

विजयला वाटलं, मुंबईची माणसं, कामाला वाघ! त्याने संध्याकाळी पेढे वाटले. शलमोनकाकांनी पेढा घेतला नाही, शुगर आहे म्हणाले. आदल्याच रविवारी त्यांनी दोन वेळा जिलबी मागून घेतलेली मी पाहिली होती.

*

रेकॉर्डिंगला मला आणि माझ्या तबल्याला मुंबईला नेलं. तबल्याची गरज नाही हे तिथे गेल्यावर कळलं, तो कॉम्प्युटरमध्ये आधीच होता. मी पॅसेजमध्ये तबला मांडीवर घेऊन बसलो. येणारे-जाणारे मला कुरिअरवाला समजत होते.

योएलला काचेच्या खोलीत उभं केलं, कानावर हेडफोन, त्यात तो परदेशी ऑर्केस्ट्रा. आमच्यात गाण्याआधी साथीदारांना नमस्कार करायची पद्धत आहे, मावशींनी त्याला तीच लावलेली. त्याने इकडेतिकडे बघितलं. ती वाजवणारी माणसं कधी येणार, असं त्याने विचारलं. ती त्यांच्या देशात वाजवून मोकळी झाली, त्यांचं काम संपलं, असं त्याला माइकवरून सांगण्यात आलं.

पोराने क्षणभर विचार केला आणि समोरच्या माइकलाच वाकून नमस्कार केला. काचेपलीकडे सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

*

अर्धी गाणी झाली आणि काम थांबलं. मॅडमच आजारी पडल्या, मग वर्षभर स्टुडिओच्या तारखा मिळेनात, मग योएलची परीक्षा. परीक्षा संपता संपता जे व्हायचं तेच झालं. वरचा सूर लावायला गेला की घसा मधेच सटकायचा आणि खालून बाप्याचा आवाज यायचा. अल्बम पूर्ण झाला नाही तर निघणारच नाही, असं कंपनीने बजावलेलं. आणि विजयने टेम्पोच्या मागे पोराचा फोटो लावून घेतलेला.

शलमोनकाकांची पेटी स्केल चेंजर आहे. तिची पट्ट्यांची अख्खी रांग बाजूला सरकवता येते. वाजवणाऱ्याची बोटं नेहमीच्याच जागी फिरतात, सूर मात्र खालचा निघतो. योएल रियाजाला यायच्या आधी काका ती गुपचूप एक घर सरकवून ठेवायला लागले. पुढच्या आठवड्यात आणखी एक. मी घरून मोठ्या तोंडाचा, खालच्या सुरात लागणारा तबला आणला. पट्टी खाली आल्यावर पोरगं मोकळं गायचं, विजय दारात उभा राहून डोळे पुसायचा, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता वाजवायचो.

एकदा गाणं झाल्यावर योएल तिथेच घुटमळला. कंपनीने त्याला मोबाईल दिला होता, त्यात तानपुरा होता, त्याच जुन्या पट्टीत लावलेला.

"काका," तो म्हणाला, "घरी मला गाताच येत न्हाई. हितंच येतं. असं का व्हतं?"

खोली चांगली आहे, आवाज घुमतो, असं काका म्हणाले. भर उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीबद्दल!

*

मग उपाय. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, दही बंद, चिंच बंद, क्रिकेट खेळताना ओरडणं बंद. पोराने मित्रांशी बोलणंही बंद केलं, आवाज शिल्लक राहावा म्हणून. वर्गात हजेरीला तो नुसता हात वर करायचा. मी त्याचा वर्गशिक्षक, मला ते रोज बघायला लागायचं.

शेवटी विजय त्याला नगरच्या घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मीही सोबत होतो. डॉक्टरांनी घसा तपासला, हसले, म्हणाले, "याला आजार नाही म्हणत, वय म्हणतात. अभिनंदन करा पोराचं."

विजय काही हसला नाही. त्याने खुर्ची पुढे ओढली. "डॉक्टरसाहेब, थांबवता यील का? लई न्हाई, वरीसभर."

डॉक्टरांनी योएलला बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर ते विजयला जे बोलले ते मी इथे सांगत नाही. पण विजय काही दुष्ट माणूस नाही. येताना मांदळीच्या पुढे त्याने टेम्पो कडेला घेतला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. योएल मधे बसला होता. त्याने बापाच्या पाठीवर हात ठेवला, पण तोंडातून शब्द काढला नाही. आवाज जपायचा होता ना!

*

मॅडमना फोन करून खरं सांगितलं तेव्हा आम्ही शिव्या खायच्या तयारीने बसलो होतो. त्या मात्र शांत होत्या. "काळजी करू नका," म्हणाल्या, "त्याचा आवाज आहे आमच्याकडे." झालेल्या गाण्यांवरून कॉम्प्युटरने तो आवाज शिकून घेतला होता. राहिलेली गाणी, सहाव्याच्या पुढची सगळी, कॉम्प्युटरच गायला. पोराला बोलावलंसुद्धा नाही.

अल्बमचा समारंभ पुण्याला झाला. मेकअपवाल्याने योएलची मिसरूड काढली. पोराच्या आयुष्यातली पहिली दाढी, आणि ती लहान दिसण्यासाठी! जरीचा कुर्ता, कपाळावर केस. मागून बारा वर्षांच्या योएलचा आवाज सुटला आणि पुढे चौदा वर्षांचा योएल त्यावर ओठ हलवत उभा राहिला. हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी पण वाजवल्या, शेजारचे बघत होते म्हणून.

नंतर एका पत्रकार मुलीने त्याला विचारलं, यातलं सगळ्यात अवघड गाणं कोणतं?

"सातवं," योएल खालच्या आवाजात म्हणाला.

"का बरं?"

"ते मला येत नाही."

सगळा हॉल खळखळून हसला. किती नम्र मुलगा, असं दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं.

*

त्यानंतर योएल गायचा थांबला. रविवारी यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा, भजनाला सगळे उभे राहिले की उभा राहायचा, तोंड बंद.

रूथमावशी तेव्हा इथे नव्हत्या. योएलचा आवाज फुटायच्या आधीच त्यांची मुलगी त्यांना आपल्याकडे राजूरला घेऊन गेली होती. ती तिथे नर्स आहे. मावशींनी अंथरूण धरलं होतं. अल्बम त्यांनी मोबाईलवर पुन्हा पुन्हा ऐकला, पण पोराच्या घशाचं त्यांना कुणी कळवलं नाही. कळवायचं कुणी आणि कशाला?

या वर्षी त्यांचं फार झालं म्हणून आम्ही विजयच्या टेम्पोतून त्यांना भेटायला निघालो. योएल आपण होऊन मागे चढला. पेटी उतरवायला माणूस लागेल म्हणाला. राजूर जवळ आलं तसं त्याने आम्हा तिघांना सांगितलं, "मी आलोय म्हनून सांगू नका." विजय काहीतरी बोलणार होता, काकांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मावशी खुर्चीत मावत नाहीत म्हणायचो आम्ही, आता अंथरुणात दिसतच नव्हत्या. त्यांनी एकेकाचा हात चाचपला, नावं घेतली. योएल कुठाय, विचारलं. त्याची शाळा आहे, असं मी म्हणालो. मग त्यांनी भजन म्हणायला सांगितलं. काकांनी पेटी उघडली, सूर दिला आणि आम्हाला कुणालाच तोंड उघडवेना.

तेव्हा दारापाशी योएलने सुरुवात केली. जाड, खरखरीत, मधेच फाटणारा आवाज. कुणीही पट्टी सरकवून ठेवलेली नव्हती, तो स्वतःच खाली उतरून गायला. पूर्ण भजन गायला. मी ठेका धरला. विजय भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मावशी शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"कोन रं हा?" त्यांनी विचारलं. "नवा आलाय का मंडळात?"

त्यांनी हात पुढे केला. योएल जवळ जाऊन बसला, त्यांचा हात त्याने हातात घेतला.

"चांगला गातोस बाळा," मावशी म्हणाल्या. "आमच्या योएलला वळखतो का तू?"

"वळखत हुतो, मावशी," योएल म्हणाला. "ल्हान हुता तवा."