बर्फाच्या देशातलं पाणी

कुमासी शहरातल्या आमच्या गल्लीतली निम्मी पोरं पोकुआ आंटींच्या हातून जन्मली. पण त्या नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्या आणि त्यांचं दार वाजायचं थांबलं. नवरा, ओपोकू, चार वर्षांपूर्वी गेला. मागे उरली त्याची निळी गाडी आणि त्याने लावलेली सवय. दर रविवारी चर्चला निघण्यापूर्वी आंटी बॉनेट उघडत. इंजिन थंड ठेवणारं कूलंटचं हिरवं पाणी डबीवरच्या दोन रेघांच्या मध्ये असलं की, जणू तो अजून आतून विचारतोय, तशा मोठ्यांदा म्हणत, "आहे हो!" ते फक्त भिंतीपलीकडे मला ऐकू येई.

गुरुवारी माम्पाँगहून त्यांच्या थोरल्या बहिणीचा, फोफीचा, फोन आला. "पोकू, शनिवारी ये गं. पण बाराच्या आत. दुपारनंतर माझं डोकं माझं राहत नाही."

त्यांना पोकू म्हणणारं आता जगात तेवढंच एक माणूस होतं.

शुक्रवारी रेडिएटरचा पाइप फुटला, सगळं हिरवं पाणी अंगणात सांडलं. मेकॅनिक न्टिमने नवा पाइप बसवला आणि पिण्याच्या पाण्याच्या पिशव्या दातांनी फाडून आत ओतायला लागला.

"अरे, कूलंट कुठंय?"

"संपलंय. सोमवारी आणतो. आणि आंटी, ती बर्फाच्या देशातली भानगड, पाणी गोठू नये म्हणून. इथे काय गोठतंय? आमच्या साऱ्या टॅक्स्या साध्या पाण्यावर पळतात."

"हे म्हणायचे, ते उकळू नये म्हणूनही असतं. गंज धरू नये म्हणून."

"साहेब पुस्तकं फार वाचायचे," न्टिम हसला.

सोमवारपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. आंटींनी त्याचे पैसे दिले.

शनिवारी साडेनऊला निघाल्या. माम्पाँगच्या चढावर तापमानाचा काटा लाल रेघेला भिडला, बॉनेटखालून वाफ आली. खच्चून भरलेली एक प्रवासी व्हॅन शेजारी थबकली.

"आई, झाकण उघडा, पाणी ओता, चला!" ड्रायव्हर ओरडला.

"आणि तोंड भाजून घेऊ? थंड झाल्याशिवाय झाकण नाही."

"मग बसा! इंजिन तुमचं, ऊनही तुमचंच!" व्हॅनमधली माणसं हसली आणि व्हॅन वर निघून गेली.

आंटी दगडावर बसल्या. दर थोड्या वेळाने बॉनेटला हात लावून पाहत. फोफीला फोन केला. कुणी उचलला नाही. बॉनेट हाताला सोसत नव्हतं तेव्हा अकरा वाजले होते, सोसायला लागलं तेव्हा बारा वाजून गेले होते. मग फडकं धरून त्यांनी झाकण अलगद फिरवलं, पाणी ओतलं आणि उरलेला चढ हळूहळू चढल्या.

पोचल्या तेव्हा फोफी ओसरीवर खुर्चीत बसली होती. नवी ओढणी डोक्याला बांधलेली. तिने आंटींकडे निरखून पाहिलं.

"नर्सबाई, बसा. माझी पोकू यायची होती. सकाळपासून वाट बघतेय."

आंटी शेजारच्या स्टुलावर बसल्या. फोफीचा हात हातात घेतला, सवयीने नाडी पाहिली.

"येईल हो," त्या म्हणाल्या. "घाटात गाडी तापली असेल तिची."