डॉक्टरांच्या चष्म्याची चमक

मुलुंडला माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळेही मीच तपासते. एका रविवारी आम्हा ऑप्टोमेट्रिस्टांना अंधेरीच्या हॉटेलात पुराव्यावर आधारित उपचार शिकवायला बोलावलं होतं. जेवण लेन्सच्या कंपनीचं म्हटल्यावर पुरावाही तिचाच असणार, हे मी धरूनच गेले. व्याख्यान देणारे डॉक्टर म्हणाले, मोबाइल बघणाऱ्या प्रत्येकाला ब्लू-कट लेन्स द्याच. मी पुरावा विचारला, तर म्हणे, "मॅडम, जेवताना बोलू."

शेजारची मैत्रीण कुजबुजली, "गप ना गं, कशाला नडतेस?"

पण आमच्या धंद्यात माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या लेन्सची चमक बघायची सवय असते. ब्लू-कट लेन्स दिव्याखाली निळी-जांभळी चमकते, साधी अँटी-ग्लेअर हिरवी. शेवटी डॉक्टर आभार मानायला दिव्याखाली आले. त्यांचा चष्मा हिरवा चमकत होता.