कंदील मी दिला नाही

काल नौपाड्यात सायकलवाला चेन धूत होता. रॉकेलचा वास आला आणि मला चुलत बहिणीच्या हळदीची संध्याकाळ आठवली.

खाडीकाठच्या आमच्या कोळीवाड्यात वीज गेलेली. अंगणात गॅसबत्ती लखलखत होती, बायका गात होत्या. मी आत कंदिलापाशी विज्ञान वाचत बसलेले. दहावीला दोनदा नापास झालेले; आताही नापास झाले तर डोक्यावर मासळीची पाटी, हे बाबांनी ठरवलेलं.

पुस्तकात होतं, जड ताऱ्याकडे इंधन जास्त, पण तो इतका प्रखर जळतो की लवकर संपतो. हलका तारा मंद जळत कितीतरी जास्त टिकतो. मला काही ते पटेना.

तेवढ्यात गॅसबत्ती विझली. एवढी मोठी टाकी, तरी रॉकेल संपलं. माझा छोटा कंदील मात्र संथ जळत होता.

बाबा दारात आले. "कंदील दे गो बाय, हळद थांबलीय."

"नाही देणार. बत्तीत रॉकेल भरा. मला समजायला वेळ लागतो बाबा, पण मी अजून संपले नाही."

ते बाहेरून दार ओढून घेत निघून गेले. तेव्हा वाटलेलं, रागावले. आज कळतं, खाडीचा वारा सुटलेला आणि उघड्या दारामुळे माझ्या कंदिलाची ज्योत हलत होती.