पळसदरीला केलेला फोन

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दोस्तांना नाही, पिऊन तर्र झालो तेव्हाही नाही. तुम्हाला सांगतोय म्हणजे तुम्ही माझे कुणी लागता असं नाही — आणि कीव तर करूच नका. डोकं फिरतं माझं.

मला आवाज काढता येतात. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून मी अख्खा वर्ग घरी पाठवला होता. पुढे विमान कंपनीत लोडर लागलो, बॅगा चढवायला, तिथंही तेच. कँटीनमध्ये मी उभा राहिलो की लोक चहा खाली ठेवायचे. फक्त रामदास हसायचा नाही. पळसदरीचा, माझ्याहून जुना. सगळे त्याला मानायचे. एकदा भर कँटीनमध्ये मला म्हणाला, "नकल्या, तुझा सोताचा आवाज हाय का रं कुठं?"

सगळे हसले. माझ्यावर हसले — कळतंय का?

तेव्हा कंपनीचा एक हलकट डाव चालला होता. कामगार जादा थांबला तर ओव्हरटाइम द्यावा लागतो, साहेबलोकांना नुसता पगार. मग यांनी काय केलं? जुन्या लोडरांना 'सुपरवायझर' करून टाकलं! खांद्यावर पट्टी, ओव्हरटाइम बंद. बॅगा त्यांनीच उचलायच्या, विमान लेट झालं की त्यांनीच थांबायचं. रामदासने लेबर ऑफिसात अर्ज टाकला — आम्ही हमालच आहोत, पट्टी काढा नाहीतर पैसे द्या. भांडण सगळ्यांचं, सही एकट्याची. बाकीच्यांची फाटली होती.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मला सुट्टी होती. शिळफाट्याला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे फोन होता. रामदासच्या घरी कुठला फोन? शेजारच्या किराणा दुकानात लावायचा, दुकानदार हाक मारायचा. रामदास पळत आला असणार — धाप ऐकू येत होती. मी आमच्या साहेबासारखा नाकातून बोललो. उद्याची तारीख पुढे गेलीय, समजलं का. यायची गरज नाही, समजलं का.

"व्हय साहेब," तो म्हणाला. "बरं झालं सांगितलंत."

गंमत होती का ही? गंमत असती तर लगेच परत फोन केला असता ना? ट्रान्सपोर्टवाला तिथंच होता, फोन तिथंच होता. मी फाट्यावर उभा राहून भजी खाल्ली.

तो गेला नाही. अर्जदार गैरहजर, अर्ज फेटाळला. परत सही करायला कुणी पुढे येईना. रामदास ज्याला त्याला सांगत सुटला — साहेबाचाच फोन होता, मी माझ्या कानांनी ऐकला. साहेब म्हणाला, खोटारडा आहे. आणि आपली माणसं? ज्यांच्यासाठी तो भांडला ती? "किती घेतलंस रं?" असं तोंडावर विचारायची. विकला गेला म्हणायची.

आणि मी — मी कँटीनमध्ये त्याची नक्कल केली. साहेबाच्या केबिनमधून खिसा दाबत बाहेर येणारा रामदास. पोट धरून हसले साले.

तो उठून माझ्यासमोर आला. 

"साहेबाचा आवाज काढ."

काढला. मुद्दाम वाईट काढला. नाकातून नाही, 'समजलं का' नाही, कुठल्या तरी भलत्याच म्हाताऱ्याचा वाटावा असा. जन्मात पहिल्यांदा नक्कल बिघडवली, आणि तीही किती झकास बिघडवली! मागून कुणीतरी ओरडलं, "हॅट्, नाय जमला रं!"

रामदास माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे पडले.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "मला वाटलं, तूच. मनात धरू नको."

मी म्हटलं, "जाऊ द्या दादा, होतं असं."

सगळ्यांसमोर. मी त्याला माफ केलं.