कार्डावर न लिहिलेलं माहेर

परवा आम्ही बीडकडे जाताना वडीगोद्रीला चहाला थांबलो. रस्त्याकडेला इतकी दुकानं झालीत की गाव ओळखूच येईना... पण पाटीवरचं नाव वाचलं आणि एकदम साळवेबाई आठवल्या. हातातला चहा तसाच निवून गेला.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. जालना तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातच मोडायचो. मी जालन्यात टीबीच्या दवाखान्यात नुकतीच कारकून म्हणून लागले होते.

पेशंट दर महिन्याला गोळ्या न्यायला आला की त्याच्या हातात एक चिठ्ठी द्यायची. नाव, गाव, कुठल्या गोळ्या, कधीपर्यंतच्या दिल्या. त्या चिठ्ठ्या मी लिहायचे... कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी घोटून घेतलेल्या वळणदार इंग्रजीत, अक्षराला अक्षर जोडून. त्या अक्षराचा मला फार अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

आमच्या दवाखान्यातल्या साळवेबाई नर्सच्या कामातून वर आलेल्या. त्या वर्षी भोकरदन आणि अंबडकडच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवायचं काम त्यांच्याकडे आलं. मागच्या वर्षी ज्यांना औषध सुरू केलं, त्यातल्या एकेका माणसाचं पुढे काय झालं, हे कसं तपासायचं ते शिकवायचं.

मला वाटलं, फळा असेल, भाषण असेल. बाईंनी सगळ्यांना सतरंजी गुंडाळायला लावली आणि फरशीवर खडूने चार मोठे चौकोन काढले. बरा झाला... औषध चालू आहे... वारला... औषध सोडलं. प्रत्येकाने आपल्या गावच्या पेशंटची कार्डं आणायची, एकेक नाव मोठ्याने वाचायचं आणि कार्ड त्या त्या चौकोनात ठेवायचं.

'वारला'मध्ये कार्ड ठेवताना बाई सगळ्यांना पेन खाली ठेवायला सांगत. नाव पूर्ण वाचायचं, बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट. हे कुठल्याही सरकारी कागदात लिहिलेलं नव्हतं.

दुपारपर्यंत 'औषध सोडलं'चा चौकोन भरून वाहायला लागला. तिथे गेलेलं कार्ड बंद व्हायचं. मग त्या माणसाच्या गोळ्या मागवायच्या नाहीत की त्याच्या घरी कुणी जायचं नाही... विषय संपला.

भोकरदनकडच्या धावडा गावचे पठाणभाऊ केशर नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीचं कार्ड घेऊन उठले. दोन महिने गोळ्या नेल्या, मग आलीच नाही. 'सोडलं' हा शेरा कार्डावर मीच लिहिला होता.

"घरी गेल्तो बाई. सासू बोलली, ती काही औषध घेत न्हाई, बिलकुल येणार न्हाई."

"सासू डॉक्टर हाय का, भाऊ?"

सगळे हसले. पठाणभाऊ पण हसले. बाई मात्र हसल्या नाहीत.

"खोकणारी सून सासरी किती दिवस ठेवतेत? आपल्या घरातलंच सांगा. माहेरी कोण गेल्तं?"

माहेर कुठलं, हेच कुणाला माहीत नव्हतं. कार्डावर तशी जागाच नव्हती. सासरचं गाव लिहिलं की आमचं काम झालं...

तेवढ्यात मागून वडीगोद्रीच्या शिंदे नर्स उठल्या. "बाई, आमच्याकडं तीन हप्त्यापूर्वी एक पोरगी आल्ती. नाव केशरच, पण पुढं बापाचं नाव. सासर भोकरदनकडं हाय म्हणाली. खोकून राह्यली. पहिलं औषध कोणतं चाललं ते कळंना, म्हणून गोळी सुरू केली न्हाई. तुम्हाला विचारावं म्हणून ही चिठ्ठी आणली... कुणाला वाचता येईना."

त्यांनी पिशवीतून चार घड्या केलेला कागद काढला. तो उलगडायच्या आधीच मी ओळखला. माझंच अक्षर होतं.

धावडा हे गाव, औषधाचं नाव, तारीख, सगळं अगदी व्यवस्थित होतं त्यात. केशर तो कागद सांभाळून माहेरी घेऊन गेली होती, आपणहून नर्सकडे गेली होती... आणि माझ्या सुंदर इंग्रजीपायी तीन आठवडे गोळीवाचून बसली होती. वर मीच तिच्या कार्डावर लिहून मोकळी झाले होते, औषध सोडलं म्हणून.

आता सगळ्यांसमोर बोलणी बसणार, असं वाटलं. बाईंनी कागद माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाल्या, "मोठ्यानं वाच पोरी. मराठीत सांग."

मी वाचलं. पठाणभाऊंनी वाकून कार्ड त्या चौकोनातून उचललं. त्याच दिवशी शिंदे नर्स डॉक्टरांना विचारून केशरच्या गोळ्या एसटीने सोबत घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी कार्डं घेऊन बसले. प्रत्येक बाईच्या कार्डावर कोपऱ्यात, मोठ्या सुट्ट्या मराठी अक्षरात लिहायचं... माहेर. तशी नवी कार्डं छापून यायची वाट बघायला बाई तयार नव्हत्या.

वर्षभराने बाई मला मुद्दाम वडीगोद्रीला घेऊन गेल्या. केशरच्या थुंकीची शेवटची तपासणी चांगली आली होती. अंगाने भरली होती, अंगणात ज्वारी पाखडत बसली होती. बाईंनी माझी ओळख करून दिली, "चिठ्ठी लिहिणारी ती हीच."

मला वाटलं, आता ही काय बोलते कुणास ठाऊक. ती सूप ठेवून उठली, माझ्याकडे बघत राहिली. "तुमीच व्हय ताई? लई देखणं अक्षर. वाचाया येत न्हाई मला, पर फेकू वाटंना... म्हणून जपला कागद."

मला हसावं की रडावं कळेना. साळवेबाई मात्र त्या दिवशी पोटभर हसल्या.

बाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी मात्र अजून कुणासाठी चिठ्ठी लिहिली की ती हातात देण्याआधी विचारते, "वाचता येतंय ना?" माझ्या मुली हसतात मला... हसू देत.